कावळ्याची हाळी

आमच्या गच्चीच्या कठड्यावर विटेएवढी एक जागा आहे. तिथला गिलावा इतर कठड्यापेक्षा गुळगुळीत झालाय आणि थोडा काळपटही. तीसेक वर्षं रोज सकाळी तिथं भाकरीचा तुकडा ठेवला गेला. ठेवणाऱ्या माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात, आधीचं नातं असो नसो.

पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तिचा चतकोर बाजूला निघायचा. रविवारी भाकरीसोबत मटणातलं एखादं हाडूक. मग आत्या गच्चीत जाऊन हाळी द्यायच्या, "याऽऽ या या या." शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी. कावळे त्याआधीच समोरच्या टाकीवर येऊन बसलेले असायचे. म्हणजे हाळीची काही गरज नव्हती, पण ती दिल्याशिवाय आत्यांचा हात तुकडा सोडायचा नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आठवी-नववीला. त्यामुळं सुरुवातीची काही वर्षं मी या सगळ्याकडं जरा वरूनच बघितलं, हे कबूल करते. एकदा मी म्हटलंसुद्धा, "आत्या, ते बसलेत की समोर. बोलवताय कुणाला?"

"त्यांनी न्हाई व्हय बोलवत एकमेकाला? कावळा बघ. तुकडा गावला तरी आधी हाळी देतो, मग खातो. माणसाला जमत न्हाई ते."

कावळा एकटा खात नाही, हे आपल्याकडं पोराटोरांना सांगितलं जातं. मीही ऐकत वाढले. खरं-खोटं करायचं मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. ते आलं ऑगस्ट २०१९ मध्ये, आत्या गेल्यावर.

त्या गेल्या जुलैच्या अगदी शेवटी. पाऊस लागलेला होता, पण अजून कुणाला पुढची कल्पना नव्हती. तिसऱ्या दिवशी पंचगंगेवरच्या स्मशानात रक्षाविसर्जन झालं. कोल्हापुरात रक्षाविसर्जन म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. नैवेद्य मांडायचा, चार पावलं मागं सरायचं आणि सगळ्यांनी माना वर करून झाडांकडं बघत उभं राहायचं. आमचं पान मांडून हात बाजूला होतोय न होतोय तोच कावळा आला. शेजारचे एक आण्णा घड्याळ बघून म्हणाले, "दोन मिनटंबी लागली न्हाईत. समाधानानं गेली बाई." सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

दहावा आला तेव्हा पंचगंगा कुठल्या कुठं गेली होती. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी धरतात. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. घाट नव्हताच, होतं ते सगळं पाणी. शुक्रवार पेठेत घरांत पाणी, चिखली-आंबेवाडीची माणसं बोटींतून बाहेर काढलेली, महामार्ग शिरोलीजवळ बंद. माझ्या नणंदेला सांगलीहून निघताच आलं नाही, तिच्याच दारात कृष्णा उभी होती. दूध-पेट्रोलला रांगा. अशात ओळखीतल्या एकांच्या उंचावरच्या मोकळ्या प्लॉटवर दहाव्याचा विधी करायचं ठरलं. ताडपत्री बांधली, विटांवर पत्रावळी ठेवून पिंड मांडले, आत्यांच्या आवडीचं बाजूला वाढलं आणि मागं सरून उभे राहिलो.

कावळे होते, नाही असं नाही. प्लॉटच्या कडेच्या उंबरावर चार-पाच भिजलेले कावळे अंग फुगवून बसले होते. त्यांतला एक मधूनमधून ओरडायचा. लांबट, घासल्यासारखा आवाज. ओरडायचा, मान वाकडी करून खाली बघायचा, पुन्हा ओरडायचा. एकदा खाली उतरला, दोन उड्या पुढं आला आणि कुणी काठी उगारल्यासारखा दचकून परत फांदीवर.

अर्धा तास गेला, मग तास. माणसांची कुजबुज सुरू झाली. कायतरी मनात राहिलंय. माझ्या मिस्टरांनी हात जोडून सांगितलं की ताईला दिवाळीला आणतो. धाकट्या दिरांनी गावाकडच्या वाटणीत भांडण करणार नाही असं सांगितलं. ते ऐकून चार जणांनी एकमेकांकडं बघितलं. नातवाच्या शिक्षणाचं झालं. मलाही पुढं ढकललं. मी काय म्हणणार? भाकरी ठेवत जाईन, म्हटलं. फांदीवरचा कावळा ओरडतच होता. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही भिजत घरी आलो.

त्या रात्री झोप लागली नाही. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर माझ्यातली मास्तरीण जागी झाली होती. बाई तीच. तिसऱ्या दिवशी तिचं समाधान झालेलं आणि दहाव्याला तिची इच्छा राहिलेली, असं कसं? बदलली होती ती जागा, आणि कावळे. स्मशानातल्या कावळ्यांच्या कित्येक पिढ्या नैवेद्यावर वाढलेल्या. पान मांडलं, माणसं मागं सरली, म्हणजे जेवण तयार, हे त्यांना पाठ. उंबरावरच्या त्या चार-पाच जणांनी विटांवरचे पांढरे गोळे आणि वर फडफडणारी ताडपत्री जन्मात बघितली नसणार.

पुढं वाचत गेले तसं कळलं की कावळ्याच्या जातीचं हे भय जगभर सारखंच आहे. बर्न्ड हाइनरिक नावाचे एक जीवशास्त्रज्ञ आहेत. १९८०च्या दशकात त्यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जंगलात ऐन हिवाळ्यात मेलेली जनावरं ओढत नेऊन टाकली आणि बर्फात लपून रेव्हन पक्ष्यांवर नजर ठेवली. रेव्हन म्हणजे आपल्या डोमकावळ्याचा थोरला भाऊ म्हणा. एवढं मांस समोर पडलेलं, उपाशी पक्षी वर झाडावर, आणि तरी ते खाली यायला बघत नाहीत. आले तर दबकत येतात, जवळ गेले की उंच उडी मारून मागं होतात, पुन्हा पुढं, पुन्हा मागं. मेलेलं खरंच मेलंय का, याची जणू खात्री करून घेत. वाचताना मला ताडपत्रीखालच्या त्या दोन उड्याच आठवल्या.

पण हाइनरिकना पडलेलं कोडं वेगळंच होतं, आणि ते नेमकं आत्यांचं वाक्य होतं. कडाक्याच्या हिवाळ्यात, जिथं एका हरणाच्या धडावर एकटा पक्षी कित्येक दिवस काढू शकतो, तिथं रेव्हन ओरडून ओरडून बाकीच्यांना गोळा करतात. का? त्यात ओरडणाऱ्याचा फायदा तो काय?

उत्तर मिळायला त्यांना काही हिवाळे लागले. पक्षी पकडून त्यांनी खुणेचे पट्टे लावले, ध्वनिमुद्रित हाका कर्ण्यावरून वाजवून बघितल्या. त्यातून कळलं की प्रत्येक इलाख्याला एक मालक जोडपं असतं, वयानं मोठं, जागा धरून बसलेलं. त्यांना जनावर सापडलं तर ते गुपचूप खातात. हूं की चूं नाही. ओरडतात ती पोरं. घरदार नसलेली, अजून जोडी न जमलेली, इकडून तिकडं भटकणारी तरणी पाखरं. एकटं-दुकटं पोरगं मांसावर बसलं की मालक जोडपं त्याला हाणून काढतं. पण अशी दहा-पंधरा जमली की जोडप्याचं काही चालत नाही. म्हणून पोरगं हाळी देतं. भूक जास्त तेवढी हाळी मोठी. गर्दीतला वरचढ पक्षी जवळ असला तर धाकटं तोंड मिटून बसतं, हेही त्यांना दिसलं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि गच्चीकडं बघत बसले. आत्यांचं दानशूर पाखरू म्हणजे भेदरलेलं, उपाशी, बेघर पोरगं निघालं की!

आता रेव्हनचं ते सगळं आपल्या गावकावळ्याला जसंच्या तसं लागू करणं बरोबर नाही, एवढं मला कळतं. आपला राखाडी मानेचा कावळा जंगलात राहत नाही, तो आपल्यात राहतो. त्याची गर्दीही वेगळी आणि अन्नही वेगळं. पण निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता, गच्ची होती, आणि गच्चीसमोर मटणाचं दुकान.

कोल्हापुरात रविवारी मटणाच्या दुकानापुढं जी रांग लागते ती सगळ्यांना दिसते. तिच्या डोक्यावर वायरींवर दुसरी रांग असते. गावकावळे सगळ्यात आधी. दुकानातल्या पोराची मोपेड गल्लीत वळली की हालचाल सुरू, शटरचा खडखडाट झाला की पहिली हाक. त्या हाकेवर मागच्या दोन गल्ल्यांतले कावळे येतात. डोमकावळ्यांची एक जोडी मोबाईलच्या टॉवरवर असते, ती ओरडत नाही. गावकावळ्यांचा गलका जिथं चाललाय तिथं वरून निवांत उतरते आणि आपल्या जाड चोचीनं हवा तो तुकडा उचलून जाते. गावकावळ्याला पडदा, चिवट चरबी तोडणं जड जातं. डोमकावळ्याला ते सोपं. त्याला कुणाला बोलवायची गरजच नाही.

आणि घारी. घार खाली बसत नाही. पोरानं कातडीला चिकटलेली छाटण गटारीकडं भिरकावली की ती वरून येते, पंजात उचलते आणि उडता उडताच मान खाली घालून खाते. तिची ती थरथरती लांब शीळ, चिर्रऽऽऽ, मी लहानपणापासून ऐकतेय, पण ती शिकार सापडल्याची आरोळी असते असं वाटायचं. नीट ऐकल्यावर कळलं की बहुतेक वेळा ती दुसऱ्या घारीला दिलेली शिवी असते. तुकडा एकीच्या पंजात आणि मागं दोघी लागलेल्या, असं असलं की शीळ वाढते.

मी वहीत लिहायला लागले होते. मांजर दिसलं की तुटक, भराभर, का-का-का-का. ते ऐकून कावळे नुसते येत नाहीत, चिडून येतात. अन्न दिसलं की तो लांबट आवाज, दोन हाकांत अंतर ठेवून. घरट्याजवळ जोडीत असले की घशातल्या घशात कुर्र कुर्र, ते तर जवळ असल्याशिवाय ऐकूच येत नाही. लहान तुकडा असला, एका चोचीत मावणारा, तर बहुतेक वेळा हाकच नाही. उचलला की पसार. ताटभर भात सांडलेला असला की हाळी. चिमणीचंही असंच निघालं होतं म्हणे: १९८६ सालच्या एका अभ्यासात दिसलं की पावाचा चुरा असला की चिमण्या चिवचिवून इतरांना बोलावतात आणि तोच पाव एका सबंध तुकड्यात असला की गप्प राहतात. वाटून संपणार नाही तेव्हा वाटायचं. हे वाचून मला हसू आलं. आमच्या भावकीत आंब्याच्या पेट्यांबाबत हाच नियम आहे.

मामा असते तर म्हणाले असते, "गिधाडं न्हाई बघितलीस तू." मामांचं गाव कागल तालुक्यातलं. त्यांच्या लहानपणी बैल मेला की गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकत. मामा सांगायचे, आभाळ मोकळं असायचं, एकही पाखरू नाही, आणि विडी संपायच्या आत वरून एक ठिपका, मग दुसरा, मग दहा दिशांनी. एकही ओरडत नाही. "त्यांना कोण सांगावा धाडतं?" हा मामांचा आवडता प्रश्न, आणि उत्तर म्हणून ते आभाळाकडं बोट दाखवायचे.

बोट बरोबरच जागी होतं. गिधाडं उंच, एकमेकांपासून लांब लांब घिरट्या घालतात. प्रत्येकाची एक नजर जमिनीवर आणि एक शेजाऱ्यावर. एकानं पंख आवरून खाली सूर मारला की शेजारी तिकडं वळतो, त्याला वळताना बघून त्याचा शेजारी. अशी ही साखळी मैलोन्‌मैल पसरते, आवाजाशिवाय. आवाज होतो तो खाली, धडावर, तोंडाला तोंड लागल्यावर. फिस्कारणं, किंचाळणं, एकमेकांच्या अंगावर चढणं. अमेरिकेतल्या गिधाडांना तर आवाज काढायचं पक्ष्यांचं स्वरयंत्रच नसतं. ती फक्त फुसफुसतात.

पण या साखळीला एक अट असते. शेजारी दिसला पाहिजे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाली. गुराढोरांना दुखण्यावर द्यायचे ते डायक्लोफेनॅक हे त्याचं कारण. औषध दिलेलं जनावर मेलं आणि ते खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची. कारण सापडलं २००४ मध्ये, जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली २००६ मध्ये. मामा २००३ ला गेले. त्यांना गिधाडं का दिसेनाशी झाली ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते म्हणायचे, लोकांनी बैल पाळायचे सोडले म्हणून. जी थोडी उरलीत, त्यांच्यातल्या एखाद्यानं एका डोंगरावर सूर मारला, तर दुसऱ्या डोंगरावरच्याला तो दिसणार कसा, हा विचार मी गच्चीत बसून बऱ्याचदा करते. कावळ्याचं तसं नाही. त्याला न दिसणाऱ्यालाही बोलावता येतं.

संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलं की काठच्या झाडांवर कावळ्यांची शाळा भरलेली असते. अंधार पडेस्तोवर जागेसाठी भांडण, मग एकदम शांतता. शेकडो पक्षी रात्री एकत्र का झोपतात, याबद्दल पीटर वॉर्ड आणि आमोत्स झहावी यांनी १९७३ मध्ये एक कल्पना मांडली. रातथारा म्हणजे बातमीचा अड्डा. काल ज्याचं पोट रिकामं राहिलं तो आज सकाळी भरल्या पोटाच्या मागं उडतो. बरीच वर्षं यावर वाद झाला. मग वेल्समधल्या काही संशोधकांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या मेलेल्या जनावरांत वेगवेगळ्या रंगांचे प्लॅस्टिकचे मणी मिसळले. रेव्हननी ते मांसासोबत गिळले आणि रात्री झाडावरून गुळण्यांतून टाकले. सकाळी झाडांखाली मणी वेचले तर एकाच रंगाचे मणी एकाच बाजूला. एका ताटात जेवलेले रात्री शेजारी शेजारी झोपले होते.

हे मणी वाचले त्या दिवशी मला आत्यांची दुपार आठवली.

मामा गेल्यानंतर आत्या कधी एकट्या जेवल्या नाहीत. मी शाळेत, हे कामावर, पोरगा कॉलेजला. घरी आत्या आणि भाकरीचं टोपलं. साडेबाराला त्या दारात यायच्या आणि गल्लीत कुणी दिसेल त्याला हाळी द्यायच्या. "चला जेवायला." भाजीवाली, मीटर वाचायला आलेला पोरगा, समोरच्या काकी. भाजीवाली तर कायमचीच झाली होती. टोपली ओट्यावर ठेवून ती पायरीवर बसायची आणि आत्या उंबऱ्याच्या आत. गल्लीत आत्यांचं नाव होतं, अन्नपूर्णा म्हणायचे. मीसुद्धा कौतुकानं सांगायचे. एका सुट्टीच्या दिवशी पावसामुळं गल्लीत कुणी नव्हतं आणि मला ताप होता. मी आतून बघत होते. आत्यांनी पान वाढून घेतलं, दाराशी गेल्या, परत आल्या, बसल्या. पुन्हा उठून दाराशी. मग पान झाकून ठेवलं. मी म्हटलं, आत्या, जेवा की. त्या म्हणाल्या, "गिळत न्हाई गं. भ्या वाटतं." मी तापात होते, मला वाटलं भूक नाही असं म्हणत असतील. मी पांघरूण ओढलं आणि कूस बदलली.

दहाव्याच्या दिवशी कबूल केल्याप्रमाणं मी भाकरी ठेवते. हाळी मात्र देत नाही, मला जमत नाही. गळ्यातून आवाज निघायच्या आधीच लाज वाटते. कावळे येतात तरी. टॉवरवरची डोमकावळ्यांची जोडी आली तर न बोलता घेऊन जाते.

परवा पाऊस होता. भाकरी ठेवून मी दाराच्या चौकटीत उभी होते. एक कावळा आला, या वर्षीचाच असावा. पिसांना तकाकी नव्हती आणि चोच उघडली की आत अजून गुलाबी दिसत होतं. तो त्या गुळगुळीत जागेपासून हातभर अंतरावर उतरला. भाकरीकडं बघितलं. दोन उड्या पुढं, दचकून मागं. मग टाकीवर गेला आणि ओरडायला लागला. एकदा. थांबून पुन्हा. पाऊस दणकून पडत होता, वायरी रिकाम्या होत्या, दुकानाचं शटर बंद. सोमवार होता. भाकरी भिजून फुगत चालली होती. तो ओरडत होता आणि दर हाकेनंतर मान फिरवून चारी बाजूंना बघत होता.

आत कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी चौकटीतून दोन पावलं मागं सरले, अंधारात, त्याला दिसणार नाही अशी, आणि तिथंच उभी राहिले.